संगणक मुका झाला तर? : सीरियल कन्सोलची ओळख

जुन्या संगणकाच्या मागे नऊ पिनांचे एक छोटे सॉकेट असे. तो सीरियल पोर्ट. घरगुती संगणकांतून तो जवळजवळ नाहीसा झाला. पण सर्व्हर, राउटर व स्विच यांवर सीरियल जोडणीची सोय आजही ठेवतात. का, ते पाहू.

आरएस-२३२ हे या जोडणीचे मानक १९६० सालचे. यात बिट एकामागून एक, रांगेने जातात. पाठवणारी, घेणारी व ग्राउंड अशा तीन तारा पुरतात. ९६०० च्या वेगाने सेकंदाला सुमारे ९६० अक्षरे येतात. चित्रांना हा वेग अपुरा, पण संदेश वाचायला भरपूर.

नेटवर्कवरून सर्व्हरशी बोलायचे तर आधी तो नीट सुरू व्हावा लागतो. सीरियल कन्सोलचे तसे नाही. लिनक्सला तशी सूचना देऊन ठेवली, की सुरू होतानाचे संदेश पहिल्यापासून या तारेवर येतात.

समजा, शाळेच्या सर्व्हरमधून एक जुनी डिस्क काढली. पण तिची नोंद यादीत तशीच राहिली. पुढच्या वेळी सर्व्हर तिची वाट पाहत मध्येच अडतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, संपला! मग कोणी फॉरमॅटचा सल्ला देतो, आणि गुणपत्रके व फीच्या नोंदी धोक्यात येतात. कन्सोलवर मात्र नेमके कारण वाचता येते. पासवर्ड देऊन ती एक ओळ दुरुस्त केली की काम झाले.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीच्या एका आदेशामुळे फेसबुकची डेटा केंद्रे जाळ्यातून तुटली. पर्यायी जाळेही बंद पडले, म्हणून अभियंत्यांना प्रत्यक्ष केंद्रांत जावे लागले. सेवा सुमारे सहा तास बंद होती. सुटकेची वाट मुख्य वाटेवर अवलंबून नसावी, हाच यातला धडा.

मात्र ही सोय आधीच करून ठेवावी लागते. दोन्ही टोकांचा वेग सारखा हवा, नाहीतर निरर्थक अक्षरे उमटतात. रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात. त्यांना आरएस-२३२ थेट जोडू नये. कन्सोलला पासवर्ड हवाच, कारण ही खोलीची दुसरी किल्ली आहे.

विश्वस्तांना आमची विनंती : सर्व्हर घेताना ही सोय आहे का, हे जरूर विचारावे. यूएसबी-सीरियल केबल, वेगाची चिठ्ठी लावून, प्रयोगशाळेच्या कपाटात असावी. बॅकअप तर हवाच. पण तो वापरण्याची वेळ अनेकदा ही साधी केबलच टाळते.