जुन्या पद्मिनीची वायरिंग : आधी जोड तपासा

मुंबईच्या कुर्ल्यातील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात घडलेली पद्मिनी यवतमाळात सांभाळायची, तर ऊन आणि ओल या दोहोंशी गाठ असते. चाळिशीपारच्या उन्हाळ्यात वायरचे आवरण कडक होऊन तडकते; पावसाळ्यात टर्मिनल गंजतात.

● हिशेब : ५ अँपिअर घेणाऱ्या हेडलाइटच्या वाटेत ०.२ ओहमचा गंजका जोड आला, तर १ व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. प्रकाश सुमारे पाव भागाने घटतो.

● तपासणी : हेडलाइट सुरू ठेवून बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आणि दिव्याची अर्थिंग यांना मल्टिमीटर लावा. ०.२ व्होल्टहून जास्त दिसले, तर दोष अर्थिंगमध्ये आहे.

● दुरुस्ती : आधी निगेटिव्ह केबल सोडवा. अर्थिंगची जागा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासा, बोल्ट घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा. पिळून टेप गुंडाळलेले जोड काढून नवे थिंबल दाबून बसवा.

● हे टाळा : फ्यूज वारंवार उडतो म्हणून जास्त क्षमतेचा फ्यूज किंवा तांब्याची तार कधीही लावू नका. त्याने वायरिंग पेटू शकते.