दोन फुटांची भिंत, वाय-फाय आणि दारावरची बेल

बालमित्रांनो, आज एक सोपं काम करा. तुमच्या घराच्या बाहेरच्या भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी वितीने मोजा. घर नवीन, सिमेंट-विटांचं असेल तर एक वीत भरेल. पण भोरच्या जुन्या पेठेतल्या एखाद्या वाड्यात राहत असाल, तर अडीच-तीन विती सहज भरतील. खाली काळा दगड, वर मातीचं बांधकाम. वेल्ह्याकडच्या गावांतही (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण आपल्या तोंडात अजून वेल्हेच येतं) जुनी घरं अशीच आहेत. वर कौलं नाहीतर पत्रा, आणि पावसाची झड लागते त्या बाजूला आणखी एक पत्रा ठोकलेला.

अशा घरात वाय-फाय आलं की काय होतं, ते तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक असेल. राउटर ओटीवर बसवतात. ओटीवर रेंज अगदी फुल्ल! माजघरात निम्मी. आणि मागच्या खोलीत मोबाइलवर खूण तर दिसते, पण व्हिडिओ नुसता गोल-गोल फिरत बसतो. मग अभ्यासाला बसायचं कुठे? ओटीवरच. तिथे टीव्ही चालू, आल्या-गेल्यांच्या गप्पा चालू. २०२० साली शाळा बंद होत्या, तेव्हा सह्याद्रीतल्या कितीतरी गावांत मुलं रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसत होती. आता इंटरनेट घरात आलं, तरी मागच्या खोलीपर्यंत ते पोचत नसेल तर काय उपयोग?

खूण दिसते आणि तरी काम होत नाही, हे कसं? आईने ओटीवरून तुम्हाला हाक मारली, तर मागच्या खोलीत ती ऐकू येते. आई बोलावतेय एवढं कळतं. पण त्याच आईने तिथूनच शुद्धलेखन सांगायला सुरुवात केली तर? अर्धे शब्द भिंतीत जातील आणि तुम्ही दर वाक्याला "काय? पुन्हा सांग!" असं ओरडाल. वाय-फायचं अगदी तसंच आहे. खूण म्हणजे नुसती हाक. व्हिडिओ म्हणजे भरभर सांगितलेलं शुद्धलेखन. काही भाग गळला की मोबाइल "पुन्हा पाठव" म्हणतो, आणि त्यातच वेळ जातो.

वाय-फायच्या लहरी दिसत नाहीत, पण त्यांची लांबी मात्र मोजता येते. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची, म्हणजे तुमच्या तळव्याएवढी. ५ गिगाहर्ट्झची पाच-सहा सेंटिमीटरची. धाकटी बहीण जास्त चपळ, पण भिंतीपुढे लवकर दमते. थोरली हळू चालते, पण भिंतीतून जरा पुढे जाते. दोघींचा शत्रू एकच: पाणी. पावसाळ्यात ओल धरलेली मातीची भिंत लहरी शोषून घेते. आणि पत्रा? तो तर त्यांना चक्क परत पाठवतो. म्हणून राउटर लोखंडी कपाटाशेजारी, टीव्हीच्या मागे किंवा माळ्यावर पत्र्याला चिकटून ठेवू नये.

तुम्ही म्हणाल, मग बाजारात रिपीटर मिळतो की! मिळतो. ओटीवरचं ऐकून तो आत पुन्हा सांगतो. पण बहुतेक जण तो लावतात कुठे, तर जिथे रेंज येत नाही तिथे. ज्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नाही, तो दुसऱ्याला काय सांगणार? शिवाय साधा रिपीटर एकाच तोंडाने ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो. माझं मत विचाराल तर जाड भिंतीच्या घरात सरळ एक तार ओढावी. राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत लॅन केबल, आणि तिच्या टोकाला ॲक्सेस पॉइंट नावाची छोटी डबी. भिंत ओलांडायचं काम तार करते, खोलीत पसरायचं काम लहरी करतात. दोन्हीकडच्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवला, की मोबाइल आपलाआपण जवळचं धरतो.

ही केबल एकदा कापून पाहण्यासारखी असते. (जुना तुकडा घ्या, चालू केबल नव्हे!) आत आठ बारीक तारा निघतात: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी आणि प्रत्येकीची पांढऱ्या पट्ट्याची जोडीदार. प्रत्येक जोडी वेणीसारखी पिळलेली. हा पीळ शोभेचा नाही. जोडीतल्या दोन्ही तारांवर बाहेरचा गोंगाट सारखाच पडतो. पलीकडचं यंत्र दोन तारांमधला फरकच तेवढा वाचतं, म्हणून सारखा गोंगाट वजा होऊन जातो. वजाबाकी अशीही उपयोगी पडते! या केबलमधून १०० मीटरपर्यंत संदेश नीट जातो. एवढा लांब वाडा भोरात कुणाचा असेल असं वाटत नाही.

आता बेलकडे वळू, कारण केबलसाठी भिंतीला भोक पडलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "त्याच नळीतून बेलची वायर पण टाका." बेल आणि तार यांचं नातं तसं जुनंच. १८३१ साली अमेरिकेत ऑल्बनी गावी जोसेफ हेन्री यांनी खोलीभर मैलाहून लांब तार फिरवली आणि विद्युतचुंबकाने तिच्या टोकाची घंटा वाजवली. पुढे १८९५ साली कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी तारेशिवाय, भिंतींच्या पलीकडची घंटा वाजवून दाखवली. दोघेही शिक्षक होते, बरं का! अर्थात बोस यांना एक घंटा वाजवायची होती, म्हणजे हाकच मारायची होती. शुद्धलेखन सांगायचं नव्हतं.

आपल्या दारावरची 'टिंग-टाँग' बेलही विद्युतचुंबकावरच चालते. बटण दाबलं की आतली लोखंडी कांडी ओढली जाऊन एका पट्टीवर आपटते: टिंग! सोडलं की स्प्रिंग तिला मागे ढकलते आणि ती दुसऱ्या पट्टीवर आपटते: टाँग!

पण या गमतीच्या वस्तूत एक धोका लपलेला आहे. आपल्याकडे बहुतेक घरांत बेलच्या बटणात थेट २३० व्होल्टचा प्रवाह असतो, दिव्याच्या बटणात असतो तोच. आणि हे बटण कुठे? बाहेरच्या भिंतीवर, ऐन पावसाच्या झडीत. ते दाबणार कोण? भिजून आलेला पाहुणा, नाहीतर शाळेतून निथळत आलेले तुम्ही. बटण फुटलेलं असेल, त्यात पाणी शिरत असेल, तर बोटाला झटका बसायला वेळ लागत नाही. म्हणून नवी वायर टाकतानाच वायरमन काकांना सांगा, की आत बोर्डाजवळ एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवा आणि बेलही १२ व्होल्टवर चालणारी घ्या. मग बाहेरच्या बटणात फक्त १२ व्होल्ट येतात. बटण वळचणीखाली, पावसाचं पाणी झिरपणार नाही असं हवं. मेन बोर्डात आरसीसीबी आहे का, तेही विचारा. ०.०३ अँपिअर एवढा करंट गळला तरी तो सबंध घराचा प्रवाह क्षणात तोडतो.

आणि ती एकच नळी? मुळीच नाही! २३० व्होल्टची वायर आणि लॅन केबल एका नळीत कधीही घालायच्या नाहीत. आतलं आवरण झिजून दोन्ही एकमेकींना लागल्या, तर राउटर जळेलच, पण त्याला हात लावणाऱ्याचाही जीव धोक्यात येईल. दोन नळ्या, मध्ये वीतभर अंतर. कुठे ओलांडावंच लागलं तर काटकोनात.

बोर्ड उघडणं, वायर जोडणं हे तुमचं काम नव्हे, मग तुम्ही विज्ञानात कितीही हुशार असा. तुमचं काम त्याच्या आधीचं. वहीत घराचा नकाशा काढा. प्रत्येक खोलीत मोबाइल घेऊन उभे राहा आणि रेंजच्या किती रेघा दिसतात ते त्या चौकोनात लिहा. दार बंद करून एकदा, उघडं ठेवून एकदा. मग पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा. सुतळीने केबलचा मार्ग मोजा आणि दोन-तीन मीटर जास्त धरा. हा कागद हातात असला की भिंतीला एकच भोक पडतं, चार नाही.

गोठा किंवा समोरचं दुसरं घर जोडायचं असेल तर तांब्याची केबल उघड्यावरून नेऊ नका. मे महिन्यातल्या वळवाच्या विजा तुम्ही पाहिल्याच आहेत. वीज जवळपास जरी पडली तरी त्या तारेतून धक्का घरात शिरतो. तिथे काचेच्या तंतूची फायबर केबल लावतात, तिच्यातून वीज वाहत नाही.

राहिला प्रश्न लाइट जाण्याचा. पहिल्याच पावसात आपल्याकडे लाइट जाते, आणि राउटर व ॲक्सेस पॉइंट दोन्ही झोपतात. त्यावर एक छान युक्ती आहे. काही ॲक्सेस पॉइंटना वीजही लॅन केबलमधूनच देता येते, साधारण ४८ व्होल्टची. याला पॉवर ओव्हर इथरनेट म्हणतात. मग एकच बॅटरी ओटीवर ठेवली, की राउटरही चालतो आणि मागच्या खोलीतली डबीही. बेल मात्र तेवढा वेळ मुकी. तेव्हा जुन्या दाराची कडी काढून टाकू नका, आजीला ती अजूनही बेलपेक्षा लवकर ऐकू येते.