वारा दारात, घर कोंदट

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला किनाऱ्याच्या रस्त्याने जायचं, आरे-वारेच्या चढावर गाडी थांबवायची आणि पोटभर वारा खायचा, हा आता रिवाजच झालाय. पण या किनारपट्टीवरच्या नव्या स्लॅबच्या घरांत शिरलं की बऱ्याचदा आधी कुबट वास येतो. समुद्र समोर असताना असं का व्हावं, याचं उत्तर बहुतेक वेळा खिडकीत सापडतं.

चिऱ्याच्या जुन्या घराला कौलांचा मोठा आधार होता. कौलाकौलांतल्या फटींतून गरम हवा आपसूक वर निघून जाई. पुढचं आणि मागचं दार समोरासमोर असलं की दिवसा खारे वारे पुढून शिरत, रात्री मतलई वारे मागून. अर्थात चुलीच्या धुराने डोळे चुरचुरत आणि आढं काळं होई, तेव्हा त्या घराचे फार गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण स्लॅब पडला आणि वरची वाट बंद झाली. सगळी भिस्त खिडक्यांवर आली, आणि नेमक्या त्याच वेळी दोन फळ्यांची स्लायडिंग खिडकी घरोघर बसली.

हिशेब साधा आहे. दमट हवामानासाठी केंद्राच्या ‘इको निवास संहिता, २०१८’ने उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्र चटईक्षेत्राच्या निदान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश, असावं असं म्हटलं आहे. संहिता मोठ्या निवासी इमारतींसाठी असली तरी माप आपल्यालाही लागू पडतं. दहा बाय बाराच्या खोलीला वीस चौरस फूट लागतात. पाच बाय चारची खिडकी बसवली की माप जुळलं असं वाटतं. पण स्लायडिंग असेल तर एका वेळी निम्मीच उघडते, हाती उरतात दहा. तीच खिडकी बिजागरीवर बाहेर उघडणारी असेल तर नव्वद टक्के मोकळी होते. त्यावर धुळीने बुजलेली डासांची जाळी असेल तर वारा आणखी अडतो. जाळी काढून धुणं हे किनाऱ्यावर सणासुदीचं नव्हे, दर महिन्याचं काम.

शिवाय हवा आत यायला जशी वाट लागते तशी बाहेर जायलाही लागते. एकाच भिंतीत दोन मोठ्या खिडक्या ठेवून समोरची भिंत कोरी सोडली तर वारा उंबऱ्यावरच रेंगाळतो. बांगडे तळताना एक्झॉस्ट पंखा लावतात आणि वास पसरू नये म्हणून दारं-खिडक्या गच्च लावून घेतात. मग पंखा ओढणार तरी काय? स्प्लिट एसीही खोलीतलीच हवा फिरवत राहतो. अशा बंद खोलीत डासांची कॉइल लावणं तर फारच वाईट. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं होतं.

खरी परीक्षा जूनपासून. नैर्ऋत्येची झड आत येते म्हणून समुद्राकडच्या खिडक्या चार महिने लागतात. आत दोरीवर ओले कपडे, कपाटामागे बुरशी. पूर्वी पडवीला झापं बांधत, तेव्हा झड अडायची पण हवा चालू राही. आज तेच काम रुंद छज्जा आणि वरच्या कडेला बिजागरी असलेली, खालून बाहेर ढकलायची खिडकी करते. बाहेरची हवाही तेव्हा दमटच असते, त्यामुळे घर कोरडं ठणठणीत होईल अशी आशा नको. न्हाणीघर आणि स्वयंपाकघरातली वाफ तिथल्या तिथे बाहेर गेली आणि उघडीप मिळताच समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या तरी पुष्कळ.

खाऱ्या हवेत स्वस्त बिजागऱ्या आणि स्क्रू लवकर गंजतात. स्लायडिंगच्या खालच्या पट्टीत वाळू साचते, पाणी जायची भोकं बुजतात, चाकं अडकतात, आणि अडकणारी खिडकी माणूस उघडेनासा होतो. चौकट ॲल्युमिनियमची की यूपीव्हीसीची यावर वाद घालण्यापेक्षा बिजागरी, स्क्रू, जाळी ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची मागावी. महाग पडते, पण खर्च करायची जागा तीच.

उन्हाळ्यात, भाजावळीच्या दिवसांत, मात्र खिडकी लावण्यातही शहाणपण आहे. आतल्या गावांतला धूर रात्री मतलई वाऱ्याबरोबर किनाऱ्याकडे उतरतो. तेव्हा मागच्या खिडक्या लावून घ्याव्यात आणि दुपारी समुद्राकडून वारा सुटला की सगळ्या उघडाव्यात.