नाताळ संपला, गाठीभेटी संपू नयेत

६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला की नाताळची आवराआवर सुरू होते. गोठ्यातल्या मूर्ती कागदात गुंडाळल्या जातात, दारावरची चांदणी माळ्यावर जाते. त्याच्या आसपास आखातातून, लंडनहून किंवा कॅनडातून सुटीवर आलेली मुले, सुना, नातवंडे परतीच्या विमानात बसतात. आठ-दहा दिवस भरलेल्या घरात मग दोन म्हातारी माणसे उरतात, कधी एकच. वसईतल्या वाड्यांत आणि गोव्यातल्या गावांत अशी घरे पुष्कळ आहेत.

जानेवारीच्या मध्यावर यातली काही मंडळी सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात येतात. तक्रारी साध्या असतात. झोप लागत नाही, जेवण जात नाही, करमत नाही. रक्ताच्या तपासण्या बहुधा ठीक येतात. "घरी कोण असतं तुमच्या?" असे विचारले की खरा आजार कळतो.

सणानंतर मन थोडे उतरणे हे नैसर्गिक आहे. चांगल्या किंवा वाईट कोणत्याही बदलाला माणूस सरावतो आणि मनाची पातळी हळूहळू पूर्वपदावर येते, हे मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्येच मांडले होते. त्यामुळे २५ डिसेंबरचा उत्साह जसाच्या तसा मार्चपर्यंत टिकवायचा अट्टहास करू नये. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१५ मध्ये या उत्साहाची जागा मेंदूत शोधण्याचा गमतीदार प्रयोग केला. नाताळ साजरा करणारे दहा आणि न करणारे दहा, अशा वीस जणांना नाताळची चित्रे दाखवून मेंदूचे एमआरआय काढले. पहिल्या गटाच्या मेंदूतले काही भाग जास्त उजळले. नाताळ अंकातला हा अभ्यास फार गंभीरपणे घेऊ नये. पण चित्र पाहून मेंदू उजळतो, कारण त्या चित्रामागे अनेक वर्षांच्या गाठीभेटी साठलेल्या असतात, असे मला वाटते.

सणातले सगळेच टिकवण्यासारखे नसते. अमेरिकेत १९५ प्रौढांचे वजन सुटीच्या दिवसांआधी आणि नंतर मोजले, तेव्हा सरासरी वाढ जेमतेम ३७० ग्रॅम निघाली. अडचण अशी, की ती पुढच्या काही महिन्यांत उतरली नाही. स्वीडनमध्ये १९९८ ते २०१३ या काळातल्या हृदयविकाराच्या झटक्यांची नोंद तपासली, तर २४ डिसेंबरला धोका ३७ टक्क्यांनी वाढलेला दिसला; पंचाहत्तरीपुढच्या आणि मधुमेही लोकांत तो अधिक होता. तेव्हा दारू, जागरण, गोडाधोडाचे डबे आणि चुकलेल्या गोळ्या यांना जानेवारीत निरोप द्यावा. उरलेल्या करंज्या आणि केक वाटून टाकावेत.

राखून ठेवायच्या त्या गाठीभेटी. २०१० मध्ये १४८ अभ्यासांतल्या तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासण्यात आली. ज्यांचे नातेसंबंध घट्ट होते, त्यांची त्या काळात जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त होती. निरोगी माणूस जास्त मिसळतो, हेही त्यामागचे एक कारण असू शकते; पण तेवढ्याने सगळा फरक पुसला जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा जणांमागे एकाला एकटेपणा जाणवतो. एकटा पडलेला माणूस गोळ्या वेळेवर घेत नाही, एकट्यासाठी स्वयंपाक कशाला म्हणून चहा-पावावर भागवतो, पाय सुजले तरी सांगायला कोणी नसते. रक्तदाब आणि साखर अशा घरांत गुपचूप वाढतात.

देण्याचेही तसेच आहे. कॅनडातल्या एका प्रयोगात लोकांना सकाळी पाच किंवा वीस डॉलर देऊन ते संध्याकाळपर्यंत खर्च करायला सांगितले. ज्यांनी ते दुसऱ्यासाठी खर्च केले, ते अधिक आनंदी आढळले. रक्कम किती होती याने फरक पडला नाही. नाताळच्या आठवड्यात आमच्या वॉर्डांत फळे वाटायला, गाणी म्हणायला मंडळी येतात. रुग्णांचे चेहरे खुलतात. फेब्रुवारीत त्याच खाटांवर तसेच रुग्ण असतात आणि भेटीच्या वेळी कित्येकांकडे कोणी फिरकत नाही.

मग करायचे काय? 'यंदा सर्वांना भेटत राहू' असा मोघम संकल्प टिकत नाही. केव्हा, कुठे आणि काय, हे ठरलेले असले की काम पार पडण्याची शक्यता वाढते. म्हणून भिंतीवरच्या नव्या कॅलेंडरवर आजच चार खुणा करा.

पहिली खूण फोनची. परदेशी असाल तर आईवडिलांना आठवड्याचा एक ठरलेला वार आणि वेळ द्या. "बरी आहेस ना?" या प्रश्नाला आई नेहमी "बरी आहे" असेच म्हणते. त्याऐवजी "आज काय जेवलीस? गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात?" असे विचारा.

दुसरी खूण शेजाऱ्यांची. डिसेंबरात ज्यांच्याकडे फराळाचे ताट गेले, त्यांच्यातले एक एकटे घर निवडा आणि महिन्यातून एकदा तिथे रिकाम्या हाताने का होईना, अर्धा तास बसून या.

तिसरी खूण रक्तदानाची. डिसेंबरात रक्त दिले असेल, तर पुरुषांना तीन आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा देता येते. उन्हाळ्यात रक्तपेढ्यांना त्याची निकड असते.

चौथी खूण उपवासकाळाची. ईस्टरपूर्वीचे हे चाळीस दिवस दानधर्माचे मानलेच आहेत. नाताळला गाणी म्हणणाऱ्या मुलांनी तेव्हा रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात एक संध्याकाळ दिली, तर डिसेंबरची वाट पाहावी लागणार नाही.

एक सूचना डॉक्टर म्हणून. छातीत दुखणे, धाप लागणे, धडधडणे याला 'मुले गेली म्हणून होतंय' असे समजून घरी बसू नका. आधी तपासून घ्या. आणि उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, कशातच रस वाटेना किंवा जगणे नको वाटू लागले, तर तो सणानंतरचा रितेपणा नव्हे. त्यावर उपचार आहेत. सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते. ज्या घरात जोडीदाराविना हा पहिलाच नाताळ गेला, तिथे शेजाऱ्यांनी जानेवारीत जरा जास्त लक्ष ठेवावे. पहिली फेरी याच रविवारी मारता येईल.