गॅस आणि नंदादीप

सुलतान बाजार, काचीगुडा भागांतील आपल्या जुन्या बिऱ्हाडांपैकी काहींत देवघर स्वयंपाकघरातच असते आणि नंदादीप जमिनीलगत तेवत असतो. आम्हांस चिंता वाटते ती याचीच. सिलिंडरातील वायू हवेहून जड. गळला की फरशीवरून सरकत थेट दिव्यापाशी पोहोचतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मर्कॅप्टन मिसळतात. पण हिंगाच्या फोडणीत तो वास लपू शकतो, हे गृहिणींस का सांगावयास हवे! वास येताच दिवा, उदबत्ती विझवावी, रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या उघडाव्यात. विजेच्या बटनास मात्र हात लावू नये. बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. रबरी नळी ५ वर्षांनी बदलावी. देवघर दुसऱ्या खोलीत हलविण्यास आजेसासूबाईंची संमती कशी मिळवावी, ते ज्याचे त्याने पाहावे.