व्हेलोद्रोम दिव्हेर

फ्रान्सची राजधानी पॅरिस येथील एक इतिहासप्रसिद्ध बंदिस्त क्रीडागृह. बांधणी १९१०, पाडाव १९५९. नावाचा शब्दशः अर्थ ‘हिवाळी सायकल-शर्यतगृह’. पॅरिसकरांच्या बोलण्यात त्याचे ‘व्हेल दिव्ह’ असे लघुरूप रूढ झाले. सायकल-शर्यतींचे केंद्र म्हणून या वास्तूने अर्धे शतक लोकप्रियता भोगली. तथापि १९४२ च्या जुलैमधील घटनांमुळे तिचे नाव आज क्रीडेच्या इतिहासापेक्षा ज्यूंच्या संहाराच्या इतिहासातच अधिक घेतले जाते.

या क्रीडागृहाचा जनक आंरी देग्रांझ. हा स्वतः सायकलपटू होता (१८९३ मध्ये त्याने एका तासात ३५·३२५ किमी. अंतर तोडून विक्रम नोंदविला) व पुढे ‘लोतो’ या क्रीडापत्राचा संपादक झाला. १९०३ मध्ये त्याने ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू केली. रस्त्यावरील शर्यती उन्हाळ्यापुरत्या. थंडीत प्रेक्षकांना छपराखाली शर्यती दाखवाव्यात, या हेतूने १८८९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेल्या प्रचंड यंत्रदालनात वास्तुविशारद गास्ताँ लांबेर याच्याकडून त्याने धावपट्टी बांधवून घेतली. आयफेल मनोऱ्यापुढील जागा मोकळी करण्यासाठी हे दालन पाडण्याचे ठरल्यावर जवळच, ग्रनेल बूलव्हार व नेलातों रस्ता यांच्या कोपऱ्यावर, लांबेरच्याच आराखड्यानुसार नवी वास्तू उभी राहिली. तिचे उद्‌घाटन १३ फेब्रुवारी १९१० रोजी झाले. काचेचे छप्पर, सु. २५० मी. लांबीची, वळणांवर तीव्र उताराची लाकडी धावपट्टी व तिच्याभोवती प्रेक्षकांचे सज्जे अशी तिची रचना होती.

येथील खरे आकर्षण म्हणजे सहा दिवसांची शर्यत. या शर्यतीत पूर्वी एकच स्वार अहोरात्र सायकल चालवीत असे. त्यातील अमानुष श्रमांमुळे न्यूयॉर्कमध्ये १८९८ साली एका स्वाराला दिवसातून बारा तासांहून अधिक धावण्यास कायद्याने मनाई झाली व दोघांच्या जोडीने आळीपाळीने धावण्याची पद्धत निघाली. पॅरिसमध्ये ही शर्यत प्रथम जानेवारी १९१३ मध्ये भरली. शर्यत रात्रभर चाले. मध्यभागी धनिक मंडळी भोजन व मद्यपान करीत, तर वरच्या सज्ज्यांतील कामकरी प्रेक्षक डबे घेऊन मुक्काम ठोकीत व खालच्यांची यथेच्छ टवाळी करीत. समाजाचे दोन्ही थर एकाच छपराखाली असे एकत्र आणणारी दुसरी जागा त्या काळच्या पॅरिसमध्ये क्वचितच असेल. अमेरिकन कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे हाही येथे येई.

१९२४ च्या ऑलिंपिक सामन्यांत मुष्टियुद्ध, कुस्ती व वजन उचलणे यांच्या स्पर्धा येथे झाल्या. १९३१ मध्ये जेफ डिक्सन या अमेरिकन संयोजकाने वास्तूचा ताबा घेतला आणि मुष्टियुद्ध, बर्फावरील हॉकी इत्यादींना वाव दिला. निरनिराळ्या पक्षांच्या राजकीय सभाही येथे भरत.

मे १९४० मध्ये जर्मन वंशाच्या स्त्रियांना ‘शत्रुराष्ट्रीय’ म्हणून येथे डांबण्यात आले. त्यांपैकी बहुतेक नाझींच्याच छळाने पळून आलेल्या निर्वासित होत्या. तत्त्वचिंतक हॅना आरेंट ही त्यांपैकीच एक. १६ व १७ जुलै १९४२ रोजी जर्मन अधिकाऱ्यांच्या मागणीवरून फ्रेंच पोलिसांनी पॅरिस व उपनगरांतील १३,१५२ ज्यूंना पकडले. पोलिसांनीच पूर्वी तयार केलेल्या नोंदपत्रांवरून घरे शोधण्यात आली. एकट्या व अपत्यहीन व्यक्तींना थेट द्रांसीच्या छावणीत धाडले. मुलाबाळांची कुटुंबे, म्हणजे सु. ८,००० माणसे, या क्रीडागृहात कोंडली. त्यांत ४,११५ मुले होती. हवाई हल्ल्यांच्या भीतीने छप्पर गडद निळ्या रंगाने रंगविलेले व खिडक्या बंद केलेल्या असल्याने आत असह्य उकाडा होई. शौचकूपांपैकी निम्मी बंद ठेवली होती, कारण त्यांच्या खिडक्यांतून पळ काढणे शक्य होते. अन्न व पाणी यांचा तुटवडा असून वैद्यकीय मदत नाममात्र होती. अग्निशामक दलाच्या जवानांनी आपल्या नळ्यांतून पाणी दिले व कैद्यांची पत्रे गुपचूप बाहेर नेली, एवढाच काय तो दिलासा. सु. पाच दिवसांनंतर या कुटुंबांना पितिव्हिए व बोन-ला-रोलांद येथील छावण्यांत हलविण्यात आले. तेथे मुलांची आयांपासून ताटातूट करण्यात आली. सोळा वर्षांखालील मुलांची मागणी आरंभी जर्मनांनीही केली नव्हती. त्यांनाही पाठवावे, ही सूचना फ्रेंच शासनप्रमुख प्येअर लाव्हाल याची. आउश्विट्सला पाठविलेल्यांपैकी शंभरांहूनही कमी प्रौढ परतले.

युद्धोत्तर काळात शर्यती व सामने पूर्ववत सुरू झाले. १९५१ ची यूरोपीय बास्केटबॉल स्पर्धा येथेच झाली. सहा दिवसांची अखेरची शर्यत नोव्हेंबर १९५८ मध्ये झाली. १९५९ मध्ये आगीने वास्तूचा काही भाग भस्मसात झाला व उर्वरित भाग पाडून तेथे निवासी व सरकारी इमारती बांधण्यात आल्या.

अटकसत्रातील फ्रेंच राज्याची जबाबदारी अध्यक्ष झाक शिराक यांनी १६ जुलै १९९५ रोजी प्रथमच जाहीरपणे मान्य केली. तत्पूर्वी, १९९४ मध्ये, जवळच सेन नदीकाठी स्मारकशिल्प उभारण्यात आले होते. १९४२ मधील कैद्यांचे म्हणून बराच काळ छापले जाणारे आतील छायाचित्र वस्तुतः १९४४ मध्ये तेथे डांबलेल्या जर्मनांच्या फ्रेंच सहकाऱ्यांचे असल्याचे इतिहासकार सेर्ज क्लार्सफेल्ड यांनी दाखवून दिले. त्या अटकसत्राचे ज्ञात असलेले एकमेव छायाचित्र क्रीडागृहाबाहेरील आहे. त्यात दाराशी उभ्या असलेल्या बसगाड्या दिसतात.