विंडोज १० चा सपोर्ट संपला. जुन्या संगणकावर लिनक्स टाकावं का?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. संगणक पूर्वीसारखाच सुरू होतो. पण वाढीव मुदतीच्या योजनेत नोंदणी केली नसेल, तर सुरक्षेचे अपडेट येत नाहीत. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. दहा वर्षांपूर्वीचे बरेच धडधाकट संगणक तिथेच अडतात. अशांसाठी लिनक्स हा मोफत पर्याय आहे.

लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहायला घेतलेला गाभा सगळीकडे तोच, पण त्यावर उभ्या राहिलेल्या आवृत्त्या अनेक. विंडोजची सवय असलेल्यांना ‘लिनक्स मिंट’ सोपं जातं. मेन्यू डावीकडे खालीच, आणि फायरफॉक्स व लिब्रेऑफिस सोबतच मिळतं. आधी ते पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतं. तेव्हा हार्ड डिस्कला हात लागत नाही आणि वायफाय, आवाज, प्रिंटर चालतात का ते तासाभरात कळतं.

मराठीत काम करणाऱ्यांची खरी अडचण वेगळीच आहे: जुन्या फाइली. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मजकुरात संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. त्यांना देवनागरी रूप देतो तो फॉन्ट. फॉन्ट नसला की लग्नपत्रिका काय, सोसायटीचं इतिवृत्त काय, सगळ्याचा गिचमिड काला. फॉन्टची फाइल लिनक्सवर टाकली तर मजकूर वाचता येऊ शकतो, पण तो टाइप करणारं सॉफ्टवेअर सहसा विंडोजसाठीच बनवलेलं असतं. म्हणून विंडोज हाताशी असतानाच महत्त्वाच्या फाइली युनिकोडमध्ये बदलून, एकदा डोळ्यांखालून घालाव्यात; जोडाक्षरं हमखास चुकतात. पुढचं टायपिंग सोपं आहे, कारण इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये असतोच.

टॅली आणि फोटोशॉप यांच्या लिनक्स आवृत्त्या नाहीत. ‘वाइन’ या सोयीने विंडोजचे काही प्रोग्राम चालतात, पण ज्यावर पोट आहे ते काम तिच्या भरवशावर सोडू नये. त्यांनी दोन्ही प्रणाली शेजारी-शेजारी ठेवाव्यात.

लिनक्स बसवताना ‘इरेज डिस्क’ हा पर्याय निवडला, तर त्या डिस्कवरचं सगळं जातं, फोटोंसकट. बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यावा आणि तो उघडतो का ते दुसऱ्या संगणकावर पाहावं. बिटलॉकर सुरू असेल, तर त्याची रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून ठेवावी.